आढ्याला न कळणारी भाषा

दहावीच्या वर्गाला जर-तरची वाक्यं शिकवताना मी सुरुवात नेहमी आत्याबाईच्या मिशांपासून करते. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. मुलं हसतात. हसून झाली की फळ्यावर मोठ्या अक्षरात 'इफ' लिहायचं आणि सांगायचं, की इंग्रजीत या जरचे प्रकार आहेत. एक, पुढे जे होऊ शकतं त्याचा. दुसरा, जे होणार नाही पण मनात आणायला कोणाची बंदी नाही त्याचा. तिसरा होऊन गेलेल्याचा. त्यात आपल्या हातात काही उरत नाही. महागावच्या शाळेत इंग्रजी शिकवत मला बरीच वर्षं झाली. बाकीचे धडे शिकवताना मी कंटाळते, चिडते, मागच्या बाकावर खडू फेकते. हा धडा मात्र मला आवडायचा. आता आवडत नाही, पण अभ्यासक्रमात आहे म्हणून शिकवते.

हाच धडा मी माझ्या आईलाही शिकवला. तेव्हा ती साठी ओलांडलेली होती, आजारी होती, आणि सातवीनंतर तिने पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. तिला इंग्रजीतलं दुसरं काहीच नको होतं. नाव-गाव सांगणं नको, रंगांची नावं नकोत. फक्त 'जर' पाहिजे होतं. ते कशासाठी, हे सांगायचं तर आधी आमच्या घराबद्दल सांगावं लागेल.

माझं माहेर मुकुटबनजवळच्या एका खेड्यात आहे. शेती कापसाची आणि तुरीची. घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, आणि त्या छपराच्या मधोमध सागाचं एक जुनं आढं. वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून तिन्हीसांजेला वेडंवाकडं बोलू नये, असं सगळ्याच घरांत सांगतात. आमच्याकडे तिन्हीसांजेपुरतं भागत नव्हतं. आईच्या मते ते आढं दिवसरात्र जागं होतं. त्याच्याखाली कोणी वाईट बोललं की ते त्याने ऐकलंच, आणि ऐकलं की 'तथास्तु' म्हटलंच. मग चांगलं बोललेलं त्याला ऐकू येत नाही का, असं मी लहानपणी विचारायचे. "चांगलं मनात म्हणाव," एवढंच उत्तर मिळायचं.

त्यामुळे आमच्या घरात मीठ कधी संपलं नाही. मीठ 'आणायचं' असायचं. दिवा कधी विझला नाही, त्याला निरोप दिला जायचा. निघताना कोणी 'जातो' म्हणालं तर त्याला परत आत येऊन बसावं लागे, घोटभर पाणी प्यावं लागे आणि 'येतो' म्हणून पुन्हा निघावं लागे. पाव्हण्यांची एस.टी. चुकली तरी चालेल. आणि 'जर' म्हणायची तर चोरीच होती. एकदा मी, "यंदा पाणी नाही आलं तर?" एवढं बोलले, तशी आईने माझ्या तोंडावर चापट दिली आणि बाबा खाटेवरून म्हणाले, "शुभ बोल रे नाऱ्या." बाबांचं एका दिवसाचं बोलणं साधारण इतकंच असायचं.

मी मोठी झाले, शिकले, नोकरीला लागले, आणि या गोष्टीचा मला फार राग यायला लागला. ज्या घरात 'जर' म्हणता येत नाही त्या घरात कशाचाच आधी विचार होत नाही. आजार आला की मगच दवाखाना शोधायचा. मी हे आईला सांगायचे आणि ती मला म्हणायची, "तुले शिकवलं हेच चुकलं."

दोन्ही वाक्यं आम्ही वर्षानुवर्षं एकमेकींना ऐकवली. मग एका दिवाळीत तिचं जेवण सुटलं. पोटात दुखतंय म्हणाली. पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि नागपूरला न्यायला सांगितलं. कापूस वेचणीला आलेला, गोठ्यात ढोरं, म्हणून बाबा घरी राहिले आणि आईला घेऊन मी गेले. बरेच दिवस आम्ही नागपुरात होतो. तपासण्या झाल्या, पुन्हा तपासण्या झाल्या, उपचार सुरू झाले आणि ते मानवत नाहीत असंही दिसलं. शेवटी एका दुपारी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. ते आईशी मराठीत चांगलं बोलले. हळूहळू जेवायला लागा, पाणी प्या, काळजी करायची नाही. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली आणि जे खरं होतं ते इंग्रजीत सांगितलं. मीही इंग्रजीतच विचारलं, की किती दिवस. आई आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होती.

परतीच्या बसमध्ये, हैद्राबादच्या रस्त्यावरचे ट्रक आम्हाला मागे टाकून जात असताना, तिने विचारलं, "तो डॉक्टर तुह्यासंग इंग्रजीत काहून बोलला?"

"सवय असते त्यांना."

"बाकीचं तर मराठीत बोलला. खा म्हणे, पी म्हणे. इंग्रजी त्याले मंधातच कशी आठवली?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. 

मी शाळेतून लांब रजा घेतली. माझी मुलगी आणि तिचे बाबा महागावला राहिले, मी आईजवळ. दहावीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून सकाळी फोनवर मुलांचा तास घ्यायचे. आमच्या घरात फोनला रेंज फक्त ओसरीच्या एका कोपऱ्यात येते. तिथे मी भिंतीला टेकून बसायचे, शेजारी आईची खाट, समोर बाबा अडकित्त्याने सुपारी कातरत. आतल्या खोलीत कापूस छतापर्यंत भरलेला. एका सकाळी मुलं माझ्यामागून फोनमधून ओरडत होती, "इफ यू डू नॉट स्टडी, यू विल फेल." आई उशीला टेकून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. तेवढं काम ती हट्टाने करायची.

तास संपल्यावर म्हणाली, "हे इफ-इफ काय लावलं वं?"

"इफ म्हणजे जर."

तिचा हात थांबला. "न पुढचं?"

"अभ्यास केला नाही, तर नापास व्हाल."

"लोकाच्या लेकरांकडून सकाळी सकाळी असं म्हणवून घेतं? मास्तरीण हायेस का कोण हायेस?"

मी हसले. बाबाही गालात हसले. पण त्या दिवसापासून मी तास घेताना ती डोळे मिटून ऐकायला लागली. झोपलीय असं वाटायचं, पण ओठ हलायचे. मग एके दिवशी दुपारी, बाबा ढोरांना पाणी पाजायला गेलेले असताना, तिने वर आढ्याकडे पाहिलं आणि मला अगदी हळू विचारलं, "याले इंग्रजी समजत असन का वं?"

मला आधी कळलंच नाही. "कोणाला?"

तिने हनुवटीने वर दाखवलं. "कोण शिकवलं असन याले? माहा सासरा, न त्याचा बाप. त्याइले तर सहीही येत नोयती." तिचं उत्तर तिलाच पटलं. मग म्हणाली, "मले ते इफचं शिकव. डॉक्टर बोलला तसं बोलायचं हाय मले."

मी तिथेच रडायला लागले असते. त्याऐवजी मी वाद घातला, कारण आमच्या दोघींमध्ये तेच जमायचं. म्हटलं, बाहेर जाऊन बोलू. तुला गाडीत बसवून शेतात नेते, आंब्याखाली बस आणि काय बोलायचं ते बोल.

"तथी मुंज्या हाय."

"मग देवळात चल."

"देवळात तर खुद्द देव हाय. त्याच्यासमोर असं बोलतेत का?"

अशी शिकवणी सुरू झाली. मी आजवर शिकवलेल्या सगळ्या पोरांत ही सगळ्यात तिरपागडी विद्यार्थिनी. शब्द तिच्याजवळ होते. औषधांच्या पाकिटांवरचे, दवाखान्यातले, टीव्हीवरचे. आफ्टर फूड, डेली, नो शुगर, कम, गो, वेट, रिपोर्ट. त्यांना जोडायचं कसं एवढंच तिला पाहिजे होतं, आणि तेही आपल्या मनाने. मरणे या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात ते तिने विचारलं. मी सांगितलं. तिने लगेच हात झटकला. "तो नको. टीव्हीतले लोक तोच म्हणतेत. टीव्ही अथीच लागते, यानं ध्यानात ठेवला असन." मग तिने 'गो' निवडला. मराठीत 'जातो' म्हणणाऱ्याला उंबऱ्यातून परत बोलावणारी माझी आई इंग्रजीत सरळ 'गो' म्हणायला लागली.

तिचं पहिलं वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. बाबा समोर सुपारी कातरत होते. तिने त्यांच्याकडे न पाहता, शेंगेतला दाणा काढता काढता म्हटलं, "इफ आय गो, ही नॉट ईट."

मी गेले तर ते जेवणार नाहीत.

मी सवयीने म्हणाले, "ही विल नॉट ईट."

"तेच म्हणलं ना मी."

बाबांनी मान वर केली. "काय म्हणते?"

"अभ्यास करून राह्यलो आमी. तुमी तुमचं काम करा," आई म्हणाली.

तिला जे सांगायचं होतं ते सगळं बाबांबद्दल होतं. मी त्यांची एकुलती एक. बाबांनी जन्मात कधी चहा केलेला नाही. पण ते त्यांच्या रुबाबापायी नव्हे. त्यांना मागताच येत नाही. भूक लागली तरी मागणार नाहीत, ताटात भाकर संपली तरी मागणार नाहीत. आई त्यांच्या हाताकडे पाहून वाढायची. घास मोठा घेतला की भूक आहे, बोटं ताटात घोटाळली की पोट भरलं. माणसाला जगवायचं कसं याचं सगळं ज्ञान तिच्या नजरेत होतं आणि ती नजर आता जाणार होती. तिच्या जिवाला तेवढाच घोर होता. स्वतःच्या मरणाचं तिने फारसं मनावर घेतलेलं मला दिसलं नाही.

मग रोज एक-दोन वाक्यं. मी विचारलं तर ते जेवलो म्हणतील, पण जेवलेले नसतील. त्यांना इथे एकटं ठेवायचं नाही, महागावला न्यायचं. आमच्याकडे बाप लेकीच्या घरी राहत नाही. जुनी माणसं लेकीच्या गावचं पाणीही पीत नसत. ते तिला ठाऊकच होतं. "इफ ही से नो, यू क्राय," ती म्हणाली. नाही म्हणाले तर तू रड. "यू क्राय, ही कम." तू रडलीस की येतील. आणि एक वाक्य तिच्या स्वतःसाठी होतं: "नो नागपूर अगेन. इफ नागपूर, आय नॉट कम होम."

यावर मी तिच्याशी भांडले. नागपूरला पुन्हा न्यायचं माझ्या मनात होतं. डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती, पण मला काहीतरी करायचं होतं. आम्ही दोघी इंग्रजीत भांडलो. ती तीन शब्दांत, मी सगळ्या व्याकरणासकट, दोघींचे आवाज चढलेले, आणि बाबा कौतुकाने एकीकडून दुसरीकडे पाहत होते. संध्याकाळी शेजारच्या काकांना ओट्यावरून सांगत होते, "घरात निस्ती इंग्रजी चालू हाय. आमची मंडळी लंडनले जाते का काय!" आत खाटेवर आई हसली आणि हसता हसता तिला कळ आली.

नागपूरला मी तिला नेलं नाही. ती जिंकली. इंग्रजीतही जिंकली.

थंडी ओसरत आली होती त्या सुमारास मी तिला दुसरा प्रकार शिकवला. तिनेच मागितला. होणारं ते झालं सांगून, म्हणाली. होणार नाही ते कसं म्हणतात? मी आत्याबाईच्या मिशा सांगितल्या. तिला तिची खरीखुरी एक नणंद आठवली, तिला मिशांची लव होतीच, आणि ती पुष्कळ हसली. मग बराच वेळ ती मनात जुळवाजुळव करत राहिली. बाबा नेहमीच्या जागी होते. त्यांच्या मांडीवर अडकित्ता, बाजूला पितळी डबा. आई त्यांच्याकडे पाहत होती. तसं पाहताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्याकडे उघड पाहायची तिला सवयच नव्हती.

"इफ ही गो फर्स्ट," ती म्हणाली, "आय वुड लिव्ह. आय गो फर्स्ट, ही नॉट लिव्ह." आणि थोडं थांबून, "बेटर ही फर्स्ट."

ते आधी गेले असते, तर मी कसंही करून जगले असते. मी आधी गेले तर ते जगणार नाहीत. तेच आधी गेले असते तर बरं होतं.

हे वाक्य मराठीत कोणत्या बाईने म्हणायचं? माझ्या आईने जन्मभर वडाला सूत गुंडाळलं. हरतालिकेला पाणी प्यायली नाही. कपाळावर कुंकू असताना मरण यावं हे मागणं ती मला आठवतं तेव्हापासून मागत होती आणि ते मरणाचं असलं तरी अशुभ मानत नाहीत, बायका ते एकमेकींना उघड आशीर्वाद म्हणून देतात. आणि आता ते मिळत होतं, तर तिला नको होतं. तिने ते आनंदाने परत केलं असतं. विधवा म्हणून राहिली असती, कपाळ मोकळं घेऊन, पण त्यांना एकटं टाकलं नसतं. मला वाटतं, यापेक्षा मोठं प्रेम मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही, आणि ते ज्याच्यासाठी होतं तो समोर बसून सुपारी कातरत होता.

मला रडू आवरेना. मी पदराने तोंड झाकलं.

"काहून रडतं वं?" बाबांनी विचारलं. "जमत नाही का तुह्या मायले?"

"जमते," मी म्हणाले. "चांगलं जमते."

त्यानंतर शिकवणी झाली नाही. तिला बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. होळीच्या आधी, सकाळी, घरातच, त्याच खाटेवर ती गेली. बायका जमल्या. तिला हळद लावली, हातभर हिरवा चुडा भरला, मळवट भरला, ओटी भरली. ज्या येत त्या तिच्या पायावर डोकं ठेवत आणि म्हणत, "भाग्याची माय, अहेव गेली." कोणी तिच्या कपाळाचं कुंकू बोटाने घेऊन आपल्या कपाळाला लावत. मला प्रत्येकीला खांद्याला धरून बाहेर काढावंसं वाटत होतं. तिला हे भाग्य नको होतं, तिने मला सांगितलंय, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मी ते कोणत्या भाषेत सांगणार होते? मी तिच्या पायाशी बसून राहिले. बाबा दाराशी उभे होते, आत आले नाहीत.

तेरवी झाली. मी बाबांना महागावला चला म्हटलं. ते नाही म्हणाले. मी रडले. रडायचं ठरवलेलं होतं, पण ते ठरवल्यासारखं आलं नाही. बाबा आले. आईचं तेवढं खरं ठरलं. पण आल्यापासून ते दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे, पायताणं दिसतील अशा बेताने. माझी मुलगी ताटावर बोलवायची तर म्हणायचे, आताच तर झालं. अंघोळीला पाणी काढून ठेवावं लागायचं, घेऊ का असंही विचारायचे नाहीत. मी त्यांच्या हाताकडे पाहायचे, आई पाहायची तसं. मला काही वाचता यायचं नाही. भूक आहे का पोट भरलंय, मला कळायचंच नाही. काही दिवसांनी ढोरांचं निमित्त सांगून ते परत गेले. ढोरं तर शेजारच्या काकांकडे व्यवस्थित होती.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी मी माहेरी गेले. बाबा खंगले होते. सदऱ्याची कॉलर मानेपासून सुटली होती. चूल थंड, तिच्यावर एक झाकलेलं भगोणं, त्यात शेजारून आलेली भाजी तशीच. मी भाकरी केल्या, त्यांना बसवून वाढलं आणि जेवून झाल्यावर ओसरीवर त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "बाबा, आता पुरे. माझ्यासोबत चला, कायमचे. आई सांगून गेली आहे."

"कधी?"

"आजारी होती तेव्हा."

"मले नाही म्हणली."

"तुमच्या समोरच म्हणाली. इथेच बसून."

त्यांना समजायला वेळ लागला. मग त्यांचं तोंड उतरलं. माझ्या बाबांना मी आई गेली तेव्हाही असं पाहिलं नव्हतं. "ते इंग्रजी?" ते म्हणाले. "मी समजलो, मन रमवून राह्यली. मी तथीच बसलो होतो, बाई. माह्यासमोर बोलली, न मले नाही सांगतलं."

मी त्यांना सगळं सांगितलं. घर ऐकू नये म्हणून तिने हे केलं. तुम्हाला वगळायचं तिच्या मनात नव्हतं. ते मान हलवत होते. "सांग," म्हणाले. "समदं सांग. काय काय म्हणली ते." मी एकेक वाक्य मराठीत सांगायला लागले. सांगताना माझे डोळे सवयीने वर आढ्याकडे जात होते आणि आवाज खाली येत होता. तिची तीन-तीन शब्दांची तुटकी वाक्यं मराठीत पूर्ण होऊन बाहेर पडत होती आणि पूर्ण झाल्यावर फार जड वाटत होती. जेवणार नाहीत. जेवलो म्हणतील. एकटं ठेवू नको. रड, म्हणजे येतील. त्यावर ते किंचित हसले.

"अजून?"

"एवढंच."

"नाही. एक दिवस तू रडत होती. मी पाह्यलं. मले वाटलं, अभ्यासानं कोणी रडते का. त्या दिवशी काय म्हणली?"

 हे सांगायचं की नाही, याबद्दल तिने मला काहीच सांगून ठेवलेलं नव्हतं. ज्या माणसासाठी ते वाक्य होतं त्याच्यापासून ते लपवून मी काय करणार होते? मी सांगितलं. तुम्ही आधी गेले असते तर बरं होतं, म्हणाली. ती कशीही जगली असती. तुमचं होणार नाही, म्हणाली.

मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. कदाचित राग येईल. बाबांनी आढ्याकडे पाहिलं. मी आजवर कोणालाही त्या लाकडाकडे इतक्या सरळ नजरेने पाहताना पाहिलेलं नाही.

"मी तर मराठीत म्हणत होतो, बाई," ते म्हणाले. "तुमी दोघी नागपूरले होत्या तवा. रोज अथी उभं राहून म्हणत होतो, तिच्या जागी मले ने. चांगलं मोठ्यानं म्हणत होतो, का त्यानं आयकाव."

त्यांनी मान खाली केली.

"घर काही आयकत नाही."